सी-लायब्ररीचं बिऱ्हाड

या सदरात आपण दर वर्षी एखाद्या यंत्राच्या पोटात डोकावतो. यंदाचा विषय माझ्या पोटापाण्याचा आहे. ‘एम्बेडेडमध्ये आहेस म्हणजे तू नक्की काय करतेस?’ हा प्रश्न मंडळाच्या प्रत्येक कार्यक्रमात कुणी ना कुणी विचारतंच. ‘पोर्टिंग’ असं एका शब्दात उत्तर दिलं की विचारणारा ‘अच्छा, अच्छा’ म्हणत बटाटेवड्यांच्या रांगेकडे सरकतो. म्हणून आज ते उत्तर जरा बैजवार देते. आपल्यातल्या आयटीवाल्यांना सुरुवातीचा भाग ठाऊक असेल. त्यांनी धीर धरावा, पुढे त्यांच्याही कामाचं आहे.

नव्वदच्या दशकात, किंवा त्यानंतरही बरीच वर्षं, महाराष्ट्रात इंजिनिअरिंग केलेल्यांना टर्बो सीचा तो निळा पडदा आठवत असेल. हाताशी नागपूरच्या यशवंत कानेटकरांचं ‘लेट अस सी’, आणि प्रत्येक प्रोग्रॅमची सुरुवात ‘क्लिअर स्क्रीन’नं, शेवट ‘गेट-सी-एच’नं. पहिल्यानं पडदा पुसायचा, दुसऱ्यानं उत्तर वाचून होईपर्यंत तो थांबवून धरायचा. गंमत अशी, की ही दोन्ही फंक्शन्स प्रमाण सी भाषेतली नव्हेतच. ती बोर्लंड कंपनीनं डॉसवरच्या आपल्या कंपायलरबरोबर दिलेली होती. तोच प्रोग्रॅम युनिक्सच्या लॅबमध्ये नेला की कंपायलर पहिल्या दोन-तीन ओळींतच अडायचा, आणि सर म्हणायचे, ‘ते इथे चालत नाही.’ का चालत नाही, हे मात्र बहुतेकांना नोकरी लागल्यावरच कळलं.

सी भाषा डेनिस रिची यांनी बेल लॅब्जमध्ये १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला घडवली. १९८९ साली अमेरिकेच्या एएनएसआय संस्थेनं तिचं प्रमाण ठरवलं आणि पुढच्याच वर्षी ते आयएसओनं स्वीकारलं. त्या प्रमाणात भाषेच्या व्याकरणाबरोबर एक यादीही आहे: सी म्हणवून घेणाऱ्या पुऱ्या व्यवस्थेत कुठली फंक्शन्स मिळालीच पाहिजेत, आणि त्यांनी काय केलं पाहिजे. अक्षरमालेची लांबी मोजणारं स्ट्रलेन, मेमरीचा तुकडा इकडून तिकडे नेणारं मेमकॉपी, मेमरी मागून घेणारं मॅलॉक, छापणारं प्रिंटएफ, फाइल उघडणारं एफओपन, वेळ सांगणारं टाइम. हीच प्रमाण सी-लायब्ररी. पडदा पुसण्याचं फंक्शन तिच्यात नाही, कारण यंत्राला पडदा असेलच असं हे प्रमाण धरून चालत नाही.

आता माझ्या यंत्राकडे येऊ. रुग्णालयात खाटेशेजारच्या खांबाला लावलेला इन्फ्यूजन पंप तुम्ही पाहिला असेल. ताशी इतके मिलिलिटर या हिशेबानं औषध शिरेत सोडणारी ती पेटी. अशा पंपाच्या आत एक छोटी चिप असते. मी काम केलेल्या एका चिपची मेमरी होती १२८ किलोबाइट. तुमच्या खिशातल्या फोनमध्ये ८ गिगाबाइट असेल, तर ती हिच्या सुमारे ६५ हजार पट झाली. हार्ड डिस्क नाही, कीबोर्ड नाही, विंडोज-लिनक्स तर नाहीच. त्याऐवजी एक चिमुकली ऑपरेटिंग सिस्टीम. उदाहरणार्थ फ्रीआरटीओएस. रिचर्ड बॅरी यांनी ती २००३ च्या सुमारास सुरू केली आणि २०१७ पासून ती ॲमेझॉनच्या छत्राखाली आहे. तिचा गाभा म्हणजे सी भाषेतल्या मोजक्या फाइली. कुठलं काम आधी, कुठलं नंतर, कुणी किती वेळ थांबायचं, एवढंच ती पाहते. सी-लायब्ररी ती देत नाही. ती वेगळी आणावी लागते, बहुतेक वेळा ‘न्यूलिब’ नावाची, आणि मग या दोघींचा संसार जुळवून द्यावा लागतो. याचंच नाव पोर्टिंग.

बिऱ्हाड हलवण्याचा अनुभव आपल्या सगळ्यांना आहे, म्हणून तसंच सांगते. काही फंक्शन्स एका पिशवीनिशी निघणारी असतात. स्ट्रलेनला लागतं काय? अक्षरांची रांग आणि शेवटी एक शून्य. ते कुठेही जाऊन पहिल्या दिवशी कामाला लागतं. (त्याची समज मात्र बेताची. त्याला युनिकोडमधला ‘मराठी’ हा शब्द दिला तर ते लांबी १५ सांगतं, कारण यूटीएफ-८ पद्धतीत देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइट घेतं आणि काना-वेलांट्याही वेगळ्या मोजल्या जातात. देवनागरी पडदा असलेलं उपकरण करताना हे लक्षात ठेवावं लागतं.) दुसरी काही फंक्शन्स मात्र जुन्या वाड्यात काय काय न मागता मिळत होतं, ते नव्या जागी आल्यावरच सांगतात. मॅलॉकला खोल्या देणारा घरमालक हवा असतो. प्रिंटएफला अक्षरं बाहेर नेणारा कुणीतरी हवा असतो. टाइमला भिंतीवर घड्याळ हवं असतं.

सगळ्यात साधं वाटणारं फंक्शनही कधी कधी चकवतं. मेमसेट घ्या. मेमरीचा एक पट्टा एकाच किमतीनं भरून काढायचा, चार ओळींचं काम. पण कंपायलर हुशार असतो. तुम्ही मेमसेटच्या आत लिहिलेलं ते लूप पाहून त्याला वाटतं, ‘अरे, हे तर मेमसेटचंच काम!’ आणि त्या लूपच्या जागी तो मेमसेटलाच हाक घालून ठेवतो. आता मेमसेट मेमसेटला बोलावतंय, ते पुन्हा मेमसेटला. स्टॅक भरतो आणि यंत्र कोसळतं. कोडमध्ये कितीही शोधा, चूक दिसत नाही. लायब्ररी लिहिणाऱ्यांना कंपायलरला मुद्दाम सांगावं लागतं, की बाबा, इथे एवढी हुशारी नको. उलट जीसीसी कंपायलरचीही एक अट आहे. ऑपरेटिंग सिस्टीम नसलेल्या उघड्या चिपवरसुद्धा मेमकॉपी, मेममूव्ह, मेमसेट आणि मेमकम्प ही चार फंक्शन्स त्याला हवीच असतात. तुम्ही कोडमध्ये ती वापरा अथवा न वापरा, तो स्वतःच्या सोयीसाठी त्यांना बोलावतो.

मॅलॉकची गोष्ट आणखी गुंतागुंतीची. न्यूलिबमधलं मॅलॉक जागा संपली की ‘एसब्रेक’ नावाच्या फंक्शनकडे आणखी जागा मागतं. हे एसब्रेक पोर्ट करणाऱ्यानं लिहायचं असतं. इंटरनेटवरून उचललेल्या एसब्रेकमध्ये बऱ्याचदा ‘पुढे जागा आहे का’ ही तपासणीच नसते. मग मॅलॉकची मेमरी खालून वर वाढत जाते, स्टॅक वरून खाली उतरत येतो, आणि दोघांची गाठ पडली की कुणीतरी कुणाच्यातरी आकड्यांवर लिहून जातं. दुसरी गोष्ट कुलपाची. दोन टास्क एकाच वेळी मॅलॉकमध्ये शिरली तर हिशेबाची वही फाटते, म्हणून न्यूलिबनं मॅलॉकला कुलूप लावायची नि काढायची अशा दोन जागा ठेवल्या आहेत. पण छोट्या चिपसाठी बांधलेल्या न्यूलिबमध्ये ती दोन फंक्शन्स अनेकदा रिकामी असतात. ती आपण भरायची. नाही भरली, तरी सगळं कंपाइल होतं, चालतं, डेमोही छान होतो. वही फाटते ती कधीतरी, तीन आठवड्यांनी, पहाटे.

अशाच कारणांनी मोटारींच्या सॉफ्टवेअरसाठी ब्रिटनमध्ये १९९८ साली निघालेले ‘मिस्रा’चे नियम चालू यंत्रात मेमरी मागायलाच मनाई करतात. फ्रीआरटीओएसमध्ये तर मेमरी वाटण्याच्या पाच पद्धती आहेत, आणि त्यातली पहिली फक्त देते, परत कधीच घेत नाही. ऐकायला विचित्र वाटतं. पण जे लागेल ते सुरुवातीलाच घ्यायचं आणि मग आयुष्यभर मागायचं नाही, हा जीव सांभाळणाऱ्या यंत्रासाठी शहाणपणाचा संसार आहे. मात्र मॅलॉक वापरायचं नाही असं ठरवलं तरी सुटका होत नाही. न्यूलिबचं प्रिंटएफ स्वतःच्या बफरसाठी गुपचूप मॅलॉककडे जातं, आणि दशांश अपूर्णांक छापायचा असेल तर पुन्हा जातं. म्हणजे कुणी सहज तपासणीसाठी ‘तापमान ३६.८’ छापलं, तर मागच्या दारानं मॅलॉक घरात आलंच.

आणि काही फंक्शन्स एकट्या माणसाच्या घराच्या सवयीनं वाढलेली. सी जन्मली तेव्हा एका प्रोग्रॅममध्ये एकाच वेळी अनेक टास्क ही कल्पना रोजच्या वापरात नव्हती. त्यामुळे शब्द तोडणारं स्ट्रटोक आपण कुठवर आलो याची खूण स्वतःजवळ एकाच जागी ठेवतं, आणि चूक कुठली झाली हे सांगणारा ‘एररनो’ हा मुळात सगळ्या चाळीला मिळून एकच फळा. एका टास्कनं फळ्यावर आपली चूक लिहिली, आणि ते ती वाचायच्या आत दुसऱ्यानं पुसून स्वतःची लिहिली, तर पहिलं टास्क भलत्याच दुखण्यावर औषध घेणार. म्हणून न्यूलिबमध्ये प्रत्येक टास्कला स्वतंत्र पाटी द्यायची सोय आहे. ऑपरेटिंग सिस्टीमनं टास्क बदललं की पाटीही बदलायची. ही सोय चालू करणं हेही पोर्ट करणाऱ्याचंच काम.

साध्या हाकेच्या पोटात काय दडलेलं असू शकतं, याचं प्रसिद्ध उदाहरण मंगळावरचं आहे. ४ जुलै १९९७ ला पाथफाइंडर यान तिथे उतरलं, आणि काही दिवसांतच त्याचा संगणक आपणहून रीसेट व्हायला लागला. यानात व्हीएक्सवर्क्स ही एम्बेडेड ऑपरेटिंग सिस्टीम होती. हवामानाची माहिती गोळा करणारं एक कमी अग्रक्रमाचं टास्क ‘सिलेक्ट’ नावाच्या फंक्शनला हाक मारायचं, आणि त्या फंक्शनच्या आत एक कुलूप होतं. फार वरच्या अग्रक्रमाचं एक टास्क त्याच कुलपासाठी ताटकळायचं, आणि मधल्या अग्रक्रमाची टास्क कुलूप धरून बसलेल्याला पुढे सरकूच देत नसत. महत्त्वाचं काम वेळेत झालं नाही हे पाहून यान स्वतःला रीसेट करी. पृथ्वीवरच्या अभियंत्यांनी इथल्या प्रतिकृतीवर तोच बिघाड घडवून आणला. कुलूप धरणाऱ्याला तात्पुरता वरचा अग्रक्रम देण्याची सोय व्हीएक्सवर्क्समध्ये आधीच होती, फक्त बंद ठेवलेली होती. ती त्यांनी इथूनच चालू केली, आणि यान ताळ्यावर आलं.

हे सगळे पेच अवघड खरे, पण ते निदान तांत्रिक आहेत. मला आज मुख्यतः सांगायचंय ते वेगळंच आहे, आणि त्यात तंत्र फारसं नाही.

नव्या जागी जे मिळत नाही, त्याचं काय करायचं? समजा चिपला फाइल सिस्टीमच नाही. पण लायब्ररीला जोडताना ‘राइट’, ‘क्लोज’, ‘एलसीक’ या नावांची फंक्शन्स हवी असतात, नाहीतर लिंकर अडून बसतो. मग तिथे नावापुरतं एक फंक्शन ठेवतात. त्याला म्हणतात स्टब. जीएनयूच्या साधनांबरोबर अशा स्टबांचा एक तयार संच येतो. त्याचं वागणं सरळ आहे: कुणीही हाक मारली की ‘हे मला जमत नाही’ असं उत्तर. शिवाय लिंकर प्रत्येक वेळी इशारा देतो, की हे फंक्शन इथे लिहिलेलं नाही, ते नेहमी अपयशीच ठरणार. हा इशारा डोळ्यांना खुपतो. मग कुणीतरी तो घालवायला स्वतःचा स्टब लिहितं आणि त्यात ‘झालं’ असं उत्तर ठेवतं. इशारा जातो, पडदा स्वच्छ दिसतो, सगळे खूश.

काही वर्षांपूर्वी मी एका पंपाच्या कामावर होते. त्याची लायब्ररी एका बाहेरच्या पुरवठादारानं आधीच पोर्ट केलेली होती, आणि ती मला नव्या चिपवर न्यायची होती. मी स्टब एकेक करून वाचायला घेतले. ‘राइट’मध्ये लिहिलं होतं: सीरियल पोर्टसाठी असेल तर अक्षरं पाठव, बाकी कशासाठीही असेल तर ‘सगळे बाइट लिहिले’ असं सांग. लिहीत काहीच नव्हतं. पंपाच्या प्रत्येक अलार्मची नोंद याच वाटेनं जात होती: नळीत हवा, प्रवाह अडला, बॅटरी संपत आली, तेव्हा वेग किती होता, वेळ काय होती. चाचण्या सगळ्या पास, कारण त्या नोंद मेमरीतल्या प्रतीतून वाचून ताडून पाहत होत्या. मी चार अलार्म घडवले, वीज काढली, पुन्हा लावली. नोंदवही कोरी.

हा पंप अजून रुग्णापर्यंत गेला नव्हता, हे सुदैव. पण ही नोंद कशासाठी असते, याचा विचार करा. रात्री कुणाला औषध जास्त गेलं, तर सकाळी पहिला प्रश्न रात्रपाळीच्या नर्सला विचारला जातो. ती म्हणते, ‘मी वेग बरोबर लावला होता, अलार्म वाजला तेव्हा मी आले.’ तिच्या बाजूनं बोलणारा साक्षीदार एकच, यंत्राची नोंद. आणि यंत्रानं तर प्रत्येक वेळी ‘लिहिलं, लिहिलं’ म्हणत काहीच लिहिलेलं नसेल.

मी स्टब बदलून त्याला ‘जमत नाही’ असं खरं उत्तर द्यायला लावलं. लगेच वरच्या कोडमध्ये चौदा ठिकाणी पडझड झाली, कारण उत्तर ‘नाही’ येऊ शकतं हे तिथे कुणी गृहीतच धरलं नव्हतं. बैठकीत वातावरण तापलं. ‘काल चालत होतं, आज बंद पडलं,’ हे वाक्य मी त्या आठवड्यात बरेचदा ऐकलं. डेमोची तारीख जवळ आली होती, आणि जुना स्टब तात्पुरता परत लावावा असं दोघातिघांचं म्हणणं पडलं. चाचणी विभागातल्या एक ज्येष्ठ बाई शांतपणे म्हणाल्या, ‘काल चालत नव्हतं. काल आपल्याला माहीत नव्हतं.’ त्यापुढे चर्चा फार लांबली नाही. डेमो पुढे गेला, आणि फ्लॅश मेमरीत नोंद करणारा, प्रत्येक नोंद परत वाचून पडताळणारा कोड लिहिला गेला. आणखी एक निर्णय झाला. सुरू होताना नोंद करता येत नसेल तर पंप चालूच होत नाही, तसं पडद्यावर सांगतो. पण औषध चालू असताना नोंद बिघडली तर तो इशारा देतो, औषध थांबवत नाही. कारण काही औषधं अचानक थांबणं हेही जिवावरचं असतं.

आमच्या क्षेत्रात बाहेरून आणलेल्या अशा कोडला ‘सूप’ म्हणतात, म्हणजे कूळमूळ ठाऊक नसलेलं सॉफ्टवेअर. वैद्यकीय सॉफ्टवेअरचं आयईसी ६२३०४ हे २००६ चं प्रमाण सांगतं, की आपल्या सुपात काय काय आहे त्याची यादी ठेवा आणि त्यातले माहीत असलेले दोष तपासा. यादी होते, पण यादीत ‘न्यूलिब’ एवढा एकच शब्द असतो. खाली लावलेले वीस-पंचवीस ओळींचे स्टब कुणाच्या खिजगणतीत नसतात, आणि खरा-खोटेपणा तर तिथेच ठरतो.

सी-लायब्ररी घडवणाऱ्यांचं मला यासाठी कौतुक वाटतं, की बहुतेक महत्त्वाच्या फंक्शन्सना त्यांनी ‘नाही’ म्हणायला जागा ठेवली आहे. मॅलॉक जागा नसेल तर रिकाम्या हातानं परत येतं. प्रिंटएफ चुकलं तर ऋण संख्या देतं. टाइमसाठी तर प्रमाणात लिहूनच ठेवलंय, की वेळ ठाऊक नसेल तर उणे एक सांगा. तरीही घड्याळ नसलेल्या चिपवर पुष्कळ जण तिथे शून्य लिहून मोकळे होतात. त्या शून्याचा नेहमीचा अर्थ १ जानेवारी १९७०, आणि मग रुग्णाच्या नोंदीवर तीच तारीख बसते. ज्या फंक्शनला ‘पुरे’ म्हणायची सोयच नव्हती, ते ‘गेट्स’, २०११ च्या प्रमाणातून काढूनच टाकलं. येईल तेवढं वाचत जायचं आणि जागा संपली तरी लिहीत राहायचं, अशी त्याची घडण होती.

म्हणून नव्यानं या क्षेत्रात आलेल्या आपल्या मुलामुलींना माझं सांगणं थोडक्यात एवढंच: पोर्टिंग करताना प्रत्येक स्टबपुढे एक ओळ लिहा, ‘हे खरंच करतं, की नुसतं हो म्हणतं?’ इशारा खुपला म्हणून मिटवू नका. आणि परत आलेलं उत्तर वाचल्याशिवाय पुढची ओळ लिहू नका.

जाता जाता आयटीवाल्यांना कबूल केलेली कामाची गोष्ट. तुमच्या यंत्रात वेळ अजून ३२ बिटांत मोजली जाते का, ते या सुट्टीत बघून ठेवा. १ जानेवारी १९७० पासूनचे सेकंद मोजणारा तो आकडा २,१४,७४,८३,६४७ वर संपतो. तो क्षण १९ जानेवारी २०३८ चा आहे. भारतात तेव्हा सकाळचे ८ वाजून ४४ मिनिटं ७ सेकंद झालेले असतील. पुढच्या सेकंदाला अशा यंत्रांची तारीख डिसेंबर १९०१ मध्ये जाईल. रुग्णालयातली उपकरणं दहा-पंधरा वर्षं सहज चालतात, तेव्हा त्या सकाळी चालू असणारे पंप आज कुणाच्या तरी टेबलावर आहेत.

फराळ जपून खा, आणि पुढच्या अंकात भेटूच.